नाव घातलेली स्प्रिंग

भरत ठाकूर पेढ्यांचा पुडा घेऊन शेडमध्ये शिरला, तेव्हा प्रमिला घरत तारेच्या भेंडोळ्याशी झटापट करत होती. पनवेलच्या औद्योगिक वसाहतीत, रबराच्या कारखान्याच्या मागच्या अंगाला तिची ही स्प्रिंगची शेड. नवऱ्याने उभी केलेली. तो गेल्यावर दीर, भावजया, शेजारी सगळ्यांनी ‘आता विकून टाक’ असा सल्ला दिला होता, आणि बाईने तो एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून दिला होता. त्याला बारा वर्षं झाली. आता शिरढोणपासून उरणच्या रस्त्यापर्यंत कुणाला गेटची, पंपाची, पाळण्याची स्प्रिंग लागली की लोक सरळ तिच्याकडे येत.

“ताई, तोंड गोड करा!” भरतने पुडा टेबलावर ठेवला, आणि त्याच्या शेजारी मुठीत दाबून पंजा कमवायचा एक मोडका हँड ग्रिपर. दोन मुठी, मधली स्प्रिंग बरोबर वळशावर तुटलेली. “आमच्या रंजितानं तोडला. पोलाद हो, पोलाद! डायरेक दोन तुकडं!”

भरत गव्हाणच्या व्यायामशाळेत मुलींना पंजा लढवायला शिकवायचा. बाजारचे ग्रिपर एक तर खेळण्यासारखे मऊ, नाही तर पुरुषाच्या पंजाच्या मापाचे, म्हणून सात महिन्यांपूर्वी त्याने प्रमिलाकडून खास बारा बनवून घेतले होते. देताना ती सगळ्या मुलींसमोर म्हणाली होती, “पोरींनो, तुम्ही म्हाताऱ्या व्हाल, माझी स्प्रिंग नाही होणार.” प्रमिलाला असली वाक्यं टाकायची हौस होती, आणि आजवर एकही वाक्य तिला परत घ्यावं लागलं नव्हतं.

भरतने मोबाइल पुढे केला. रंजिता दात-ओठ खाऊन ग्रिपर दाबते आहे, कट्कन आवाज होतो, मुली किंचाळतात. “नाक्यावर बॅनर लागलाय, ताई. ‘पोलाद मोडणारी गव्हाणची वाघीण’. आन् हा या महिन्यातला तिसरा हाय बरं!”

“तिसरा?” प्रमिलाचा पेढ्याकडे गेलेला हात जागीच थांबला. “आणि मला आज सांगतोस?”

“अवो, तक्रार कुठं हाय? आमी तं खूश हाव!”

“मी नाही ना खूश! कुणाच्या मनगटाच्या जोरावर तुटायला माझी स्प्रिंग म्हणजे काय पापड आहे?”

तिने तुकडा उचलून खिडकीपाशी नेला, चष्मा कपाळावर सरकवून भिंग डोळ्याला लावलं. तुटल्या जागेचा चेहरा तिला लगेच दिसला. एका कडेला अर्ध्या चंद्रकोरीएवढी जागा काळपट, गुळगुळीत. बाकीची लखलखीत आणि खरखरीत. काळपट ती जुनी तूट, लखलखीत ती नवी. म्हणजे स्प्रिंग त्या व्हिडिओत तुटली हे खरं, पण तुटायला लागली होती कितीतरी आठवडे आधी. पत्र्याची पट्टी पुढे-मागे वाकवत राहिलं की एका क्षणी ती हातात येते, तसंच हे. प्रत्येक दाबाला केसभर चीर पुढे सरकते, आणि उरलेलं पोलाद जेव्हा भार पेलण्याएवढं राहत नाही, तेव्हा जो कोणी दाबत असेल त्याच्या नावावर पराक्रम जमा होतो.

“दिवसाला किती वेळा दाबतात?”

“तीनशे तरी. चार महिने झाले रोजचं.”

म्हणजे तीस-पस्तीस हजार. प्रमिलाने हिशेब केला आणि तिचं डोकं तापलं. तिची स्प्रिंग दोन-तीन लाख दाब हसत सोसते, हे तिने स्वतः मशीनवर मोजलेलं होतं. पस्तीस हजारांत थकायचं तिला काय कारण? घडणीत चूक नव्हती, घडण तिच्या हातची होती. मग राहिली तार.

आणि तार म्हटल्यावर तिला पाळणे आठवले. त्या भेंडोळ्यातून ग्रिपर काढल्यावर उरलेल्या बहुतेक तारेच्या तिने पाळण्याच्या स्प्रिंगा केल्या होत्या. एकोणतीस. एकोणतीस घरांत, आढ्याच्या कडीला ती स्प्रिंग, तिला झोळी, आणि झोळीत बाळ. त्यातलं एक बाळ नेऱ्याला होतं. तिच्या अंकिताची मुलगी, सात महिन्यांची वेणू.

“दत्ताभाऊ,” तिने हाक मारली. दत्ता नवऱ्याच्या वेळेपासूनचा कारागीर, बोलायला कमी आणि ऐकायला पक्का. “पाळण्यांची वही काढा. एकूण एक घरी फोन लावा. म्हणावं, मी सांगेपर्यंत बाळ खाली सतरंजीवर झोपवा.”

“वैनी, लोक काय म्हनतील? आपलं नाव...”

“नावाचं मी बघते. फोन लावा.”

अंकिताला तिने स्वतः फोन केला. पोरगी घाबरली नाही, पण मागून विहीणबाईंचा आवाज स्पष्ट ऐकू आला, “तुझ्या आयची स्प्रिंग तं लय भारी होती ना गो?” प्रमिलाने तो टोमणा गिळला. खोट तारेत निघाली, तर असे एकोणतीस टोमणे गिळायचे आणि एकोणतीस स्प्रिंगा स्वतः उतरवून आणायच्या, हे तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. पण तिचं मन मानत नव्हतं. नवऱ्याच्या वेळेपासून वीस वर्षं ज्या हाताने तार ओळखली, तो हात असा फसेल हे तिला पटेना.

दुपारी ती भरतच्या मोटरसायकलवर मागे बसून गव्हाणला गेली. व्यायामशाळेत मुलींनी सगळे ग्रिपर आणून चटईवर मांडले. तीन तुटलेले, नऊ शाबूत, आणि शिवाय भरतचा स्वतःचा, तेरावा, जो प्रमिलाने वरून भेट म्हणून दिला होता. तिने एकेक उचलून बघायला सुरुवात केली आणि पहिल्याच ग्रिपरवर तिची नजर अडकली. वळशाच्या बाहेरच्या अंगावर बारीक ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं होतं : ‘रं. म्हा.’ सकाळी भिंग फक्त तुटल्या जागेवर धरल्याने ते तिच्या नजरेतून सुटलं होतं.

“हे काय आहे?”

“नाव, काकी,” रंजिता म्हणाली. रंजिता म्हात्रे, एकोणीस वर्षांची, रुंद खांद्यांची, आवाज मात्र पोपटासारखा. “सगळे ग्रिपर सारखेच ना, रोज भांडणं व्हायची, हा माझा, तो तुझा. मंग भरतदादांनी सगळे थैलीत भरून भांडीवाल्या भावेशशेठकडं नेले आन् नावं घालून आणली.”

आता यात त्यांना तरी काय दोष द्यायचा? या भागात हळदीला, पूजेला अख्ख्या आळीची भांडी एका मांडवात जमतात. नाव घातलं नाही तर आपला टोप शेजारणीच्या चुलीवर जन्म काढतो. घरात स्टीलची वस्तू आली की पहिली जाते ती नाव घालायला. मुठींवर रबर होतं, रबरावर ते मशीन चालत नाही. उघडं पोलाद तेवढं वळशावर होतं, म्हणून नाव तिथे बसलं.

प्रमिलाने तुटलेले तिन्ही तुकडे पुन्हा भिंगाखाली धरले. पहिला, दुसरा, तिसरा. तिन्हींची काळी चंद्रकोर अक्षराच्या ठिपक्यातून निघालेली होती.

“भरत, तुझा ग्रिपर दे. यावर नाव कुठाय?”

“माझं कशाला? माझ्या वस्तूला हात लावायची कुणाची टाप हाय?”

“रोज किती दाबतोस?”

“या पोरींच्या दुप्पट.”

सगळ्यात जास्त राबलेला ग्रिपर, आणि भिंगाखाली अंगावर एक चीर नाही. प्रमिलाच्या छातीवरचं अर्धं ओझं तिथेच उतरलं. तिने मुलींना बसवून समजावलं. ग्रिपर दाबला की वळसा आणखी आवळतो, त्याची बाहेरची कातडी ताणली जाते. नेमकी तिथे सुईने टोचून भोकं पाडली, तर तो सगळा ताण त्या एवढ्याशा टोचणीशी येऊन गोळा होतो. वर घामाने ती टोचणी गंजते. मग चीर धरायला कितीसा वेळ?

“म्हणजे मी नाय तोडला,” रंजिता हळूच म्हणाली. तिचा चेहरा इतका पडला की प्रमिलाला भरून आलं.

“इकडे बघ. व्हिडिओतल्या त्या एका दाबाने नाही तोडलास. पण त्याच्या आधीचे तीस हजार दाब कुणी मारले? नाक्यावरच्या बॅनरने? स्पर्धेत समोरची पोरगी ग्रिपर बघणार नाही, तुझं मनगट बघणार आहे.”

रंजिता हसली, आणि भरतने बॅनरचं काय करायचं या काळजीने डोकं खाजवलं.

पण ओळखणं वेगळं आणि सिद्ध करणं वेगळं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला प्रमिलाने त्याच भेंडोळ्याच्या तारेचे दोन नवे ग्रिपर मशीनवर चढवले. मोटर, तिला एक फिरती पट्टी, मिनिटाला साठ दाब, वर आकडा दाखवणारं मीटर, नवऱ्याची कारागिरी. एकाच्या वळशावर दत्ताने शेजारच्या वर्कशॉपमधून आणलेल्या कोरणीच्या मशीनने ‘पोलाद’ असं चार ठिकाणी लिहिलं, दुसरा कोराच ठेवला. दिवसभर शेडमध्ये खटक-खटक चालू राहिलं. प्रमिलाने जेवणाचा डबा मीटरसमोर बसून खाल्ला. संध्याकाळी पाचच्या सुमाराला, बत्तीस हजारांवर मीटर असताना, नाव घातलेला ग्रिपर कट्कन तुटला. कोरा तसाच खटकत राहिला, जणू आत्ताच कामावर आला होता.

प्रमिलाने टाळी वाजवली. “तार सोन्यासारखी आहे, दत्ताभाऊ! सांगत होते ना मी!”

आता फोन तिने स्वतः केले, एकोणतीसच्या एकोणतीस, आणि प्रत्येकीला त्याच तोऱ्यात सांगितलं, “खुशाल झोपवा बाळाला. घरतांच्या मालात खोट नसते.” शेवटचा फोन नेऱ्याला. “टाक माझ्या राणीला झोळीत,” ती अंकिताला म्हणाली, “आणि तुझ्या सासूबाईंना सांग, स्प्रिंग भारीच आहे.”

दत्ता चहा ओतत होता. “वैनी, ग्रिपरवर नाव घालनारे घालतील हो. पन पाळन्याच्या स्प्रिंगवर नाव घालील असा येडा कोन सापडायचा?”

प्रमिला हसायला लागली. आणि हसता हसताच तिचं तोंड तसंच उघडं राहिलं.

बारशाच्या आदल्या दिवशी ती भावेशशेठच्या दुकानात गेली होती. वेणूसाठी वाटी, चमचा, पेला, दुधाची किटली. सगळ्यांवर नाव घालून झालं, मशीन चालूच होतं, आणि तिने पिशवीतून ती स्प्रिंग काढून पुढे केली होती. ‘हिच्यावर पण घाला, शेठ. वरच्या आकड्यावर. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसलं पाहिजे.’ भावेशशेठने विचारलं, ‘काय लिहू?’ ती म्हणाली होती, ‘प्रमिला आजीकडून.’ आकडा. जिथे सगळा भार लटकतो आणि तार सगळ्यात जास्त वाकते, नेमका तो.

तिने फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला, परत तेच. अंकिता कामात असली की फोन फळीवर टाकून विसरते, हे तिला माहीत होतं. “बाकीच्यांना विचारा, कुणी नाव घातलंय का,” दत्ताला सांगून तिने चहाला हात न लावता स्कूटर काढली.

नेऱ्याच्या रस्त्यावर फार्महाउसकडे निघालेल्या गाड्यांची रांग होती. प्रमिला कडेच्या मातीतून स्कूटर हाणत गेली. तिला रडू येत होतं आणि रडण्यापेक्षा जास्त स्वतःचा राग येत होता. काल ज्या पोरींना शहाणपण शिकवलं, त्यांनी निदान भांडणं मिटवायला नावं घातली होती. हिने कशासाठी घातलं? मिरवायला!

विहीणबाई, कमळाबाई, ओटीवर बसून एका हाताने झोळी हलवत होत्या. “अगो बाय, विहीणबाई! या, या. अंकिता, पानी आण गो...”

प्रमिलाने पायही धुतले नाहीत. सरळ झोळीत हात घालून तिने झोपलेली वेणू उचलली आणि छातीशी धरली. पोरगी कुरकुरली, परत खांद्यावर पेंगली. ते गरम, जड ओझं अंगावर आलं तेव्हा कुठे प्रमिलाचा जीव भांड्यात पडला.

“ही स्प्रिंग मी काढून नेते,” ती म्हणाली.

कमळाबाईंचा चेहरा बदलला. “काल म्हनलंव बाळ उतरवा. मगाशी म्हनलंव झोपवा. आता काडून न्याला आल्या? बारशाला दिलेली वस्तू कोन परत नेतं काय? आमच्यात अशुभ मानतात ते.”

“माझ्यात पण मानतात. तरी नेते. चूक माझी आहे, विहीणबाई. तार चांगली, घडण चांगली, पण त्याच्यावर मी माझं नाव कोरून घेतलं आणि स्प्रिंग नासवली.”

अंकिता पाण्याचा तांब्या हातात घेऊन दारात थिजली होती. आईच्या तोंडून ‘चूक माझी’ हे शब्द तिने जन्मात पहिल्यांदा ऐकले असावेत.

कमळाबाई मात्र हटल्या नाहीत. त्यांनी आतून दहा किलो तांदळाची पिशवी आणली, झोळीत घातली आणि दणकून वीस-पंचवीस झोके दिले. स्प्रिंग खाली-वर झाली, करकरली नाही की काही नाही. “बगा! कुठं काय झालंय हिला? नावाचं आपलं कायतरीच.”

आता शेजारच्या दोघी-तिघीही कुंपणाशी आल्या होत्या. प्रमिलाने आकड्यावर अंगठ्याचं नख फिरवलं. काही लागलं नाही. क्षणभर तिलाही वाटलं, आपणच घाबरट झालो की काय? उगाच लेकीच्या सासरी तमाशा केला. पण तिने स्टुलावर चढून स्प्रिंग काढलीच, आणि आढ्याच्या कडीला साधी साडी बांधून झोळी करून दिली.

“नवी घेऊन येते,” ती म्हणाली.

“बघू,” कमळाबाई म्हणाल्या, आणि आत निघून गेल्या. चहा झाला नाही.

बाकीच्या अठ्ठावीस स्प्रिंगांवर नाव नाही, हे दत्ताने रात्रीच विचारून घेतलं होतं. सकाळी नऊला त्याने मशीनची पट्टी फिरवून तिच्यावर पाळण्याची स्प्रिंग टांगली. खाली वेणूच्या वजनाएवढे तांदूळ, बरोबर सात किलो. मिनिटाला पंचेचाळीस झोके, आजीच्या हातासारखे. प्रमिला समोर हातांची घडी घालून उभी राहिली. हजार झाले. दोन हजार. तीन हजारांवर तिने खुर्ची ओढून घेतली. मीटर चार हजार एकशे सोळावर असताना पिशवी दण्णकन फरशीवर पडली आणि तांदूळ शेडभर उधळले.

स्प्रिंगचा वरचा आकडा ‘आ’ या अक्षरापाशी तुटला होता. काळी चंद्रकोर तारेच्या पाऊण जाडीपर्यंत पोचलेली. चार हजार झोके म्हणजे दीड तास. एक दुपारची झोप. प्रमिला पुन्हा खुर्चीत बसली आणि मोठ्याने रडली, लाजली नाही. दत्ताने पाठ फिरवून तांदूळ गोळा करायला घेतले.

मग तिने तोंड धुतलं आणि नेऱ्याला फोन लावला. अंकिताच्याच फोनवर कमळाबाईंना बोलवून घेतलं. काही लपवलं नाही. मीटरवरचा आकडा सांगितला, दीड तास सांगितला, काल तुमच्या हाताने आणखी किती झोके झाले असते तेही सांगितलं. “तुमची माफी मागते, विहीणबाई. माझ्या हौसेपायी पोर गेली असती.”

पलीकडे वेणू कशावर तरी चमचा आपटत होती.

“माझा हात होता झोळीवर,” शेवटी कमळाबाई म्हणाल्या. “तुमी पानी पन न पिता पोर उचलली, मना राग आलता.” चमच्याचा आवाज थांबला. “नवी कदी आनताव?”

“तुम्ही म्हणाल तर बाजारातून चांगल्यातली...”

“बाजारातली कशाला? जी बाय सोताची वस्तू सोता उतरवून नेते, तिच्याच हातची पायजे. आन् येताना जेवायलाच या. काल चाय पन नाय दिला तुमाला.”

प्रमिलाने फोन ठेवला. डोळे पुसले, पदर खोचला, आणि मशीनशी जाऊन उभी राहिली.

“पाळण्याची एक स्प्रिंग वळायची आहे, दत्ताभाऊ. तार ओढा.”

दत्ता तांदूळ भरलेली सुपली हातात घेऊन थबकला. “कुठल्या भेंडोळ्याची, वैनी?”

“त्याच,” ती म्हणाली.